उजेडाचे थेंब

आम्ही मढच्या बाया. माळशेजच्या तोंडाशी राहतो, म्हणून पत्र्यावरचा पाऊस आम्हाला चांगला ठाऊक. मुसळधार असला की आवाज एकसारखा येतो. भुरभुर असली की कधी दोन थेंब, कधी पाच, मेळच लागत नाही. आजच्या गोष्टीतही असाच पाऊस आहे, पण उजेडाचा.

आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला आकाशातल्या रेडिओलहरी टिपणाऱ्या मोठ्या तबकड्या आहेत. गुरुत्वीय लहर मात्र वेगळी. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की ती उठते. अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी ती पहिल्यांदा टिपली. गोंगाटातून असा संकेत निवडून काढायची गणिती रीत पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश १९९१ च्या सुमारास मांडत होते. तेव्हा लायगो उभंही राहिलं नव्हतं.

या यंत्रात ४ किलोमीटर लांब नळ्यांच्या टोकांशी ४० किलोचे आरसे टांगलेले असतात. लेसरचा उजेड त्यांवरून परत येतो आणि आरसा किती हलला ते सांगतो. पण उजेडही थेंबाथेंबानं येतो. तो कमी असला तर मोजणी डळमळते. वाढवावा, तर ते थेंबच आरशाला ढकलतात. वजन बघता बघता आपलाच हात पारड्याला लागावा, तसं.

यावर कार्लटन केव्हज यांनी १९८१ मध्ये तोड सुचवली: दाबलेला प्रकाश. फुगा दाबला की एकीकडे चपटतो, दुसरीकडे फुगतो. तसा हा गोंगाट नाहीसा होत नाही, पण जिथे मोजायचं तिथून हटवता येतो. हे प्रत्यक्षात आणणाऱ्यांत नर्गिस मवालवाला आहेत. त्या कराचीत वाढल्या, लहानपणी सायकली दुरुस्त करायला शिकल्या. २०१९ पासून लायगोत असा प्रकाश नेमानं वापरतात. २०२३ मध्ये त्यात आणखी सुधारणा झाली. आता वरच्या सुरांना मोजणी नीट होते आणि खालच्या सुरांना आरशाचे धक्केही कमी होतात.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं हिंगोली जिल्ह्यातल्या लायगो-इंडियासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ते यंत्र चालवायला हात लागतील. ते कोणाचे असतील?

दहावी झाली की 'मुलीला विज्ञान कशाला?' हा प्रश्न आपल्या घरांत अजून निघतो. उद्या सायकलची चेन बसवताना लेक दिसली, तर तिच्या हातातला पाना काढून घेऊ नका, एवढंच आमचं सांगणं.