पहिली-दुसरीतल्या लेकराचं विज्ञानाचं पुस्तक कुणी निवडायचं?

 

आजचा विषय पुस्तकांचा आहे. पहिली ते चौथीच्या लेकरांसाठी विज्ञानाची पुस्तकं कशी निवडायची? तुमच्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, "ते गुरुजींचं काम. आम्हाला त्यातलं काय कळतंय?" मला आज एवढंच सांगायचंय की तुम्हाला कळतंय, आणि पुष्कळ कळतंय. ते कसं, हे समजायला मराठीतल्या विज्ञानाच्या पुस्तकांचा मागचा प्रवास थोडा बघू या. फार लांबण लावत नाही.

सुरुवात होते मुंबईत, दोनशे वर्षांपूर्वी. १८२० च्या दशकात तिथं शाळेची पुस्तकं मराठी-गुजरातीत तयार करायला एक संस्था उभी राहिली. तोवर मराठीत शाळेसाठी छापलेलं विज्ञानाचं पुस्तक जवळपास नव्हतंच. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हरि केशवजी पाठारे यांनी इंग्रजीतले विज्ञानाचे संवाद मराठीत आणले. संवाद म्हणजे एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं समजावून सांगायचं. १८४० साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दिग्दर्शन' नावाचं मासिक काढलं. त्यातही भूगोल आणि शास्त्राचे विषय सोप्या रीतीनं दिलेले असत.

ही संवादाची रीत त्या काळी इंग्लंडात फार चालत होती, आणि तिथं ती गाजवली एका बाईनं. जेन मार्सेट त्यांचं नाव. रसायनशास्त्रावरच्या त्यांच्या पुस्तकात एक शिक्षिका आहे आणि शिकायला दोन मुली. त्या मुली शंका काढतात, मधेच अडवतात, "असं का?" म्हणून विचारतात. लंडनमध्ये एका लोहाराचा मुलगा पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करत होता. शिक्षण जेमतेम. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा, त्यात मार्सेटबाईंचं हे पुस्तक त्याच्या हाती लागलं. तो मायकेल फॅरडे. पुढे १८३१ मध्ये त्यानं जो शोध लावला, त्याच तत्त्वावर आजही वीज केंद्रातली जनित्रं फिरतात. आपल्या घरातल्या दिव्याचा धागा असा एका बाईनं लिहिलेल्या पुस्तकाशी जाऊन भिडतो.

मग हे सगळं आपल्याकडं कधी पोचलं? उशिरा पोचलं, आणि त्याचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्या शेजारचा नगर जिल्हा इंग्रजांच्या अमलाखाली होता. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते नगरला, मिशनच्या फरार बाईंकडे. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी नगरात मुली शिकत होत्या. पण आपला आष्टी तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथला कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत, आणि खेड्यापाड्यांत शाळाच थोड्या. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी मुंबईत मुलांसाठी 'बालबोध' मासिक काढलं. १९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' हे विज्ञानाचं मासिक निघालं. ती वाचणारी घरं बहुतेक शहरातली, शिकलेल्या लोकांची. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. आज ऐंशीच्या घरातल्या आपल्या आज्यांना शाळा का मिळाली नाही, याचं अर्धं उत्तर या इतिहासात आहे. उरलेलं अर्धं घराघरांतल्या चुलीपाशी आहे, ते तुम्हाला माहीतच आहे.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झालं. २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे 'बालभारती' सुरू झालं. १९७१ मध्ये त्यांचं 'किशोर' मासिक आलं. आता तेच पुस्तक मुंबईच्या लेकराला आणि तेच कड्याच्या लेकराला. ही मोठी गोष्ट झाली. पण पुस्तक दारात आलं म्हणजे ते लेकराच्या डोक्यात उतरलंच असं नाही.

हे नीट तपासून बघितलं ते होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं. हे केंद्र मुंबईत १९७४ साली सुरू झालं. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला गेले आणि तिथल्या ग्रामीण शाळांत त्यांनी काम केलं. लेकरं विज्ञानात मागं का पडतात, हा प्रश्न होता. त्यांच्या कामातून पुढं आलेली एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे भाषा. पुस्तक मराठीतच असतं, पण ती मराठी लेकराच्या घरातली नसते. 'बाष्पीभवन' हा शब्द आधी येतो, आणि वाळत घातलेल्या लुगड्यातलं पाणी कुठं गेलं हा प्रश्न मागून येतो, कधी येतच नाही. मग लेकरू शब्द पाठ करतं आणि पाणी विसरतं. याच केंद्रानं पुढं प्राथमिक वर्गांसाठी 'स्मॉल सायन्स' ही पुस्तकमाला केली, ती मराठीतही आली. त्यात लेकरांनी आधी बघायचं, करायचं, मोजायचं, आणि मग बोलायचं अशी मांडणी आहे.

दुसरं मोठं काम आपल्या बायांनीच केलं. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला गावातल्या लहान लेकरांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं. शहरातली महागडी लाकडी साधनं तिथं परवडणारी नव्हती. त्यांनी शंखशिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. लेकरू शाळेत येत नाही, तर शाळा लेकराच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा मार्ग होता.

तिसरं काम मध्य प्रदेशातलं. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यात सोळा सरकारी शाळांत 'करून शिका' पद्धतीचं विज्ञान सुरू झालं. ते मोठ्या वर्गांसाठी होतं. तिथं गेलेले एक इंजिनियर अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन लेकरांना त्रिकोण, चौकोन, घरं बनवायला शिकवलं. पुढं त्यांनी पुण्यात मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं काम केलं. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात.

आता या सगळ्यातून आपल्या हाती काय लागलं, ते बघा. पुस्तक निवडताना पाच गोष्टी तपासायच्या.

पहिली गोष्ट. पुस्तक विचारतं का, की नुसतं सांगतं? ज्या पानावर "तू बघितलंस का?", "तुला काय वाटतं?" असं काही आहे, ते पुस्तक लेकराला बोलतं करतं. नुसत्या व्याख्या असतील, तर ते घोकंपट्टीचं आहे.

दुसरी, भाषा. पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या एखाद्या शिकलेल्या पोरीला वाचायला लावा. तुम्हाला ऐकून समजलं तर लेकराला समजेल. नवा शब्द आला तर हरकत नाही, पण त्याच्याआधी ती वस्तू आपल्या बोलीत सांगितलेली असावी.

तिसरी, आपलं आवार. पुस्तकात बर्फ आणि पेंग्विन असले तरी चालतील, लेकरांना ते आवडतात. पण दहा पुस्तकं घेतली तर निम्म्यांत तरी मुंगी, चिमणी, गांडूळ, विहीर, ज्वारीचं ताट, लिंबाचं झाड असलं पाहिजे. जे लगेच बाहेर जाऊन बघता येतं, त्यावरच लेकरू पुस्तकाची परीक्षा घेतं.

चौथी, हाताला काम. यातलं काही घरात करून बघता येतं का? ओल्या फडक्यात मटकीला मोड आणणं, सकाळी आणि दुपारी आपली सावली पावलांनी मोजणं, पाण्यात काय बुडतं आणि काय तरंगतं ते बघणं. ज्याला पैसे पडतात आणि सामान नगरहून आणावं लागतं, असा प्रयोग आपल्या कामाचा नाही.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती तुमच्याइतकी कुणाला जमणार नाही. पुस्तक खरं बोलतं का? भुईमुगाचं चित्र बघा. शेंगा मुळांना लागलेल्या दाखवल्या असतील तर ते चित्र चुकीचं आहे. फूल गळल्यावर आऱ्या सुटतात, त्या जमिनीत शिरतात आणि तिथं शेंग धरते. खुरपताना हे तुम्ही दरसाल बघता. कापसाच्या बोंडातली अळी पुढं कोषात जाते आणि तिचा पतंग होतो. पुस्तकानं मधली एक पायरी गाळली तर ती तुमच्या ध्यानात येईल. मुंगीला सहा पाय, कोळ्याला आठ, ते मोजून बघा. आणि चित्रांत अजून एक बघा: भिंग कुणाच्या हातात आहे? प्रत्येक पानावर मुलगा शोध लावतोय आणि मुलगी, आई फक्त भाकरी थापताहेत, असं असेल तर ते पुस्तक आपल्या पोरींशी खरं बोलत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या मार्सेटबाईंच्या पुस्तकातसुद्धा प्रश्न विचारणाऱ्या मुलीच होत्या.

आता तुम्ही म्हणाल, निवडायचं आमच्या हातात आहे कुठं? तर आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असल्याच पाहिजेत. समग्र शिक्षा योजनेत सरकारी प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ही पुस्तकं कोणती यावीत, हे समितीच्या बैठकीत बोलायचा तुम्हाला हक्क आहे. नुसती सही करून येऊ नका. यादी वाचून दाखवा म्हणा, दोन पुस्तकं हातात द्या म्हणा. आणि आलेली पुस्तकं कपाटात कुलपाखाली राहणार नाहीत, हेही तिथंच ठरवून घ्या. पुस्तक वापरून फाटलं तर डिंकानं चिकटवता येतं. न वाचता पिवळं पडलं तर त्याला उपाय नाही.

आपल्या भागाची एक अडचण आहे, ती बाजूला ठेवून चालणार नाही. दिवाळी झाली की कोयते निघतात. आई-बापाबरोबर लेकरं फडावर जातात आणि चार-पाच महिने पुस्तक दिसत नाही. काही लेकरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. म्हणून पुस्तकं पातळ असावीत, मोठ्या अक्षरांची, चित्रांची, एका बैठकीत संपणारी. गटानं ठरवलं तर निघणाऱ्या प्रत्येक कोयत्याबरोबर पिशवीत दोन-तीन पुस्तकं देता येतील, आणि परत आल्यावर ती गटात जमा करून घेता येतील. उसाच्या फडात निरखायला काय कमी आहे? पाचटाखालचे किडे, उसाचे डोळे, रात्रीचा चंद्र. दर चार दिवसांनी चंद्राचं चित्र काढायला लावा, महिन्याभरात लेकराला कला कळतील, त्याला पाटी-पेन्सिल पुरे.

ज्यांच्याकडं मोबाईल आहे त्यांनी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' बघावं, मराठीत लहान लेकरांची सचित्र पुस्तकं तिथं फुकट आहेत. 'किशोर'चे जुने अंकही बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात.

आणि ज्या मैत्रिणींना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शेवटचं. लेकराला पुस्तक वाचायला लावा आणि तुम्ही ऐका. ते म्हणेल, "आई, शेंगा मुळाला लागतात." तुम्ही म्हणा, "चल, उपटून बघू." पुस्तक बरोबर की चूक, हे दोघं मिळून ठरवा. विज्ञान म्हणतात ते हेच.

पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले की शाळेतून तीन पुस्तकं मागवा आणि या पाच गोष्टींवर पारखून बघा. काय निघालं ते आम्हाला नक्की कळवा.