मोरगावचा पांढरा मांदार

मोरगाव बारामती तालुक्याच्या कोरड्या अंगाला, कऱ्हेच्या काठी वसले आहे. असल्या कमी पावसाच्या मुरमाड जमिनीत रुई कुणी न लावता वाढते आणि चिकामुळे गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. तिची फुले बहुधा जांभळट असतात. एखाद्याच झाडाला पांढरी फुले येतात: जाडसर पाच पाकळ्या, मधे उभा मुकुट, जांभळ्या छटेचा मागमूस नाही. हाच गणेशभक्तांचा मांदार. हा रंगभेद निसर्गाचा, पण त्याला वेगळ्या वाणाचा मान दिला तो भक्तीने, असे माझे म्हणणे आहे.

वनस्पतिशास्त्र दोन्ही रंग एकाच जातीत धरते. लिनियसने 1753 मध्ये तिची नोंद केली. अमरकोशात मंदार हे सरसकट रुईचेच एक नाव आहे, पांढरीची नावे निराळी. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात मात्र ते पांढऱ्या रुईकडे गेलेले दिसते. मधल्या काळात गणेशपुराण रचले गेले. भृशुंडी ऋषींना हसल्याने मांदार आणि शमी वृक्ष झाले आणि गणेशाने मांदाराच्या मुळाशी राहण्याचे मान्य केले, ही कथा त्यातलीच. नावाचा बदल आणि ही कथा यांचा मेळ नुसता योगायोग, असे कुणी म्हणेल. पण मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, तिथे फुलाच्या रंगाची चौकशी कुणी करत नाही; गणपतीसाठी मात्र पांढरेच फूल शोधले जाते. चिंचवडहून भाद्रपदात आणि माघात मोरगावला गणपतीची पालखी येते, त्या परंपरेत ही निवड पिढ्यान्‌पिढ्या पक्की होत गेली असणार.

पुराणातला मंदार म्हणजे स्वर्गातला वृक्ष किंवा पांगारा, असाही आक्षेप घेतात. पण गणपतीची मूर्ती घडवतात ती पांढऱ्या रुईच्या मुळाची, पांगाऱ्याच्या नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पांढरे झाड रानातही आपोआप उगवते, मग त्यात माणसाचे श्रेय काय? उगवते हे खरेच. पण रुईचे परागकण पुडक्यांनी भुंग्याच्या पायाला चिकटून दुसऱ्या झाडावर जातात, तेव्हा म्हातारीबरोबर उडालेल्या बीचा रंग आईसारखाच निघेल याची खात्री नाही. जपानमधून एकोणिसाव्या शतकात युरोपात गेलेल्या होस्टा या शोभेच्या झाडाच्या पानांची पांढरी किनारही बियांतून सहसा उतरत नाही. माळी तिचा गड्डा फोडून ती टिकवतात. मांदाराचे तसेच आहे. देवळापाशी किंवा परसात हवा तो रंग खात्रीने हवा असेल तर फांदी लावावी लागते. उलट, मूर्तीसाठी मूळ खणले की झाडच जाते; ज्या श्रद्धेने हा वाण राखला तिचाच हा दुसरा हात आहे, आणि मुळांची मागणी करणाऱ्यांनी आधी फांदी लावली पाहिजे.