'रेसिडेंट' शब्दाचा अर्थ आणि सीताबर्डी

नागपूरच्या इतिहासाची इंग्रजी साधने वाचताना 'रेसिडेंट' हा शब्द पदोपदी भेटतो. मराठी अभ्यासक त्याचा अर्थ 'वकील' असा करून पुढे जातात. हा पर्याय जुनाच आहे. १७८६ मध्ये पुण्यास आलेल्या मॅलेटलाही मराठी कागदांत वकीलच म्हटले आहे. परंतु अरबीतून आलेल्या 'वकील' शब्दात सोपविण्याचा भाव मुख्य असून त्याला धन्याने दिलेल्या अधिकाराची मर्यादा असते. 'रेसिडेंट'च्या मुळाशी 'बसणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. आपला 'सद्' धातू त्याचाच सगोत्र असून सदन, संसद हे शब्द त्यापासूनच झाले. ('सीता'शी मात्र त्याचा संबंध जोडण्याचा मोह टाळावा.) युरोपच्या दरबारी परिभाषेत ठाण देऊन राहणारा, पण राजदूताहून कनिष्ठ असा प्रतिनिधी तो रेसिडेंट.

विशेष हे की, ज्या 'सब्सिडिअरी' फौजेला आपण तैनाती फौज म्हणतो, त्या विशेषणाचे मूळही तेच: लढाईच्या रांगेमागे बसवून ठेवलेली राखीव कुमक. देवगावच्या तहानंतर (१८०३) नागपुरास रेसिडेंट येऊन बसला. मे १८१६ च्या तहाने, आप्पासाहेब भोसले परसोजीचे कारभारी असता, फौजही येऊन बसली. रेसिडेन्सी सीताबर्डीच्या टेकड्यांच्या पश्चिमेस होती. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी या टेकड्यांवर जी लढाई झाली, ती या दोन्ही बैठका उठविण्याचा प्रयत्न होती, असे आम्हांस वाटते. तो फसला. १८१८ मध्ये आप्पासाहेब पदच्युत झाले आणि अज्ञान तिसऱ्या रघुजीच्या नावे रेसिडेंट जेंकिन्स राज्याचा कारभार पाहू लागला. असे काम कोणत्या वकिलाने केले असते?

नवल असे की, त्याच वर्षी नोव्हेंबरात एक्स-ला-शापेल येथे युरोपीय सत्तांनी 'मिनिस्टर रेसिडेंट'चा दर्जा ठरविला, तो खालून दुसरा! शब्द एक, पण युरोपात तो सौम्य आणि नागनदीकाठी धन्याचा. तेव्हा १८१८ नंतरच्या नागपूरसंबंधी लिहिताना 'वकील' हा पर्याय वापरू नये. मूळ शब्दच ठेवावा.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले व येथील रेसिडेंटचे पद संपले. १९६१ च्या व्हिएन्ना करारातील दूतांच्या वर्गवारीत 'मिनिस्टर रेसिडेंट' हा वर्ग राहिला नाही. आज नागपुरात रेसिडेंट म्हटले की लोकांना रुग्णालयातील निवासी डॉक्टर आठवतो, आणि वकील न्यायालयात भेटतो.