ऑपरेशन थिएटरमधला विक्रेता

हाडाच्या ऑपरेशनला थिएटरमध्ये सर्जन असतात, त्यांचे असिस्टंट असतात, भूलतज्ज्ञ, सिस्टर, वॉर्डबॉय असतात. बऱ्याचदा आणखी एक जण असतो. त्यानेही थिएटरचे कपडे, टोपी, मास्क घातलेला असतो. निर्जंतुक ट्रॉलीपासून हात-दोन हात लांब उभा राहून तो सिस्टरना सांगतो, "वरच्या ट्रेमधला, डावीकडून तिसरा." हा कंपनीचा किंवा डीलरचा माणूस. आत बसणारी प्लेट, स्क्रू, सांधा त्याने विकलेला असतो. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना तो आत आहे याचा सहसा पत्ताही नसतो.

हे काम मी बरीच वर्षं केलं. बी.एस्सी. झालो आणि ऑर्थो इम्प्लांटच्या लाइनीत शिरलो. ट्रेनिंगमध्ये आधी हाडांची नावं पाठ करायची, मग टेबलाला घट्ट बसवलेलं प्लॅस्टिकचं हाड समोर यायचं. साडेतीनच्या स्क्रूला अडीचचं ड्रिल, साडेचारच्या स्क्रूला थ्री पॉइंट टू. आधी भोक, मग डेप्थ गेजने लांबी मोजायची, मग टॅपने आटे पाडायचे, मग स्क्रू. हे पाढ्यांसारखं पाठ हवं, कारण प्रत्यक्ष केसमध्ये सिस्टर नवीन असली तर सगळे तुमच्याकडे बघतात.

हे आकडे कुणी ठरवले, आणि विकणारा माणूस थिएटरच्या आत पोचला कसा, हे प्रश्न तेव्हा पडले नव्हते. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की या नोकरीलाही इतिहास आहे. तो माहीत असता तर मी पहिल्या दिवसापासून थोडा वेगळा उभा राहिलो असतो.

गॅरेजमधून थिएटरपर्यंत

१९४९ साली अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये अर्ल बॅकन आणि त्याचा मेहुणा पामर हरमन्स्ली यांनी एका गॅरेजमध्ये 'मेडट्रॉनिक' सुरू केली. काम होतं हॉस्पिटलांची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करण्याचं. पहिल्या महिन्याची कमाई आठ डॉलर. जोडीला ते दुसऱ्या कंपन्यांची उपकरणंही विकत. दुरुस्तीच्या निमित्ताने बॅकनचं हॉस्पिटलात जाणं-येणं वाढलं, आणि डॉक्टरांना काय अडतं ते त्याला जवळून दिसू लागलं.

मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करत. त्यानंतर काही मुलांच्या हृदयाचे ठोके मंदावत, म्हणून त्यांना पेसमेकर लावत. तो पेसमेकर भिंतीतल्या विजेवर चालायचा. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहरातली वीज गेली आणि एक बाळ दगावलं. लिलेहायनी बॅकनला विचारलं, बॅटरीवर चालणारं काही करता येईल का? त्याने इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात छापलेल्या मेट्रोनोमच्या सर्किटवरून सुमारे चार आठवड्यांत हातात मावेल एवढा पेसमेकर बनवला. आधी तो कुत्र्यावर वापरून पाहिला. दुसऱ्याच दिवशी बॅकन हॉस्पिटलात गेला, तर तो एका मुलीला लावलेला होता.

उपकरण विकणारा आणि डॉक्टर यांचं नातं इतकं जवळचं का झालं, ते इथे कळतं. गोळी कशी काम करते हे डॉक्टर कॉलेजात शिकतो. नवं उपकरण त्याच्या हाती येतं तेव्हा ते सगळ्यांत जास्त ठाऊक असतं बनवणाऱ्याला. त्यामुळे विकायचं म्हणजे शिकवायचंही.

दाव्होसचे पाढे

ते अडीच आणि साडेतीनचे पाढे स्वित्झर्लंडमधले. १९५८ मध्ये मॉरिस म्युलर, मार्टिन आल्गोवर, हान्स विलेनेगर यांच्यासह १३ सर्जननी बील गावी 'एओ' नावाचा गट स्थापन केला. तोवर मोडलेलं हाड म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टर किंवा वजन लावून कित्येक आठवडे अंथरुणात. हाड घट्ट जोडायचं आणि पेशंटला लवकर हालचाल करू द्यायची, हा यांचा आग्रह होता. त्यासाठी एकमेकांत नेमकी बसणारी हत्यारं हवी होती. ती बेटलाख गावच्या रॉबर्ट माथिसच्या वर्कशॉपमध्ये बनू लागली. ड्रिल, टॅप, स्क्रू, प्लेट असा पूर्ण सेट. आजही डीलरची पोरं जे जड डबे गाडीत टाकून गावोगाव फिरतात, त्यांची वंशावळ तिथे पोचते.

डिसेंबर १९६० मध्ये दाव्होसला या गटाचा पहिला कोर्स झाला. सर्जननी नुसती भाषणं ऐकली नाहीत, हातात ड्रिल घेऊन हाडांवर सराव केला. हत्यारांच्या विक्रीतून मिळणारी रॉयल्टी सर्जननी स्वतःच्या खिशात घातली नाही. त्यासाठी 'सिंथेस' नावाची वेगळी संस्था काढून तो पैसा संशोधन आणि शिक्षणाकडे वळवला.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. १९५९ मध्येच नोंदींचं केंद्र उघडलं. ऑपरेशन केलं की पेशंटची माहिती आणि एक्स-रे तिथे पाठवायचे, पुढच्या तपासण्यांचेही. कुठलं तंत्र फसतं हे आठवणीवर नाही, तर कागदावर ठरवायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हात कुठे ठेवायचे

१९६४ मध्ये अमेरिकेत लिऑन हर्शने 'युनायटेड स्टेट्स सर्जिकल' काढली. आतडी टाक्यांऐवजी स्टेपलरने जोडायची कल्पना सोव्हिएत सर्जनांची. ती यंत्रं जड आणि वापरायला किचकट होती. हर्शने आधीच भरलेली काडतुसं असलेला स्टेपलर आणला. पण टाके घालण्यात आयुष्य गेलेल्या सर्जनला स्टेपलर कोण शिकवणार? कंपनीने आपल्या विक्रेत्यांना कसून तयार केलं आणि थिएटरमध्ये पाठवलं. विक्रेत्यांच्या ट्रेनिंगमध्ये जिवंत कुत्रे वापरल्याबद्दल कंपनीविरुद्ध मोठी निदर्शनंही झाली.

मग एक रेषा ओलांडली गेली. १९७५ मध्ये न्यू यॉर्कजवळ स्मिथटाउनच्या एका हॉस्पिटलात खुब्याच्या सांध्याच्या ऑपरेशनमध्ये चक्क सांधा विकणाऱ्या माणसाने हात घातला. पेशंटला याची कल्पना नव्हती. दोन वर्षांनी प्रकरण बाहेर आलं आणि खळबळ उडाली.

आम्हाला हे नाव कुणी सांगितलं नव्हतं, नियम मात्र सांगितला होता. आमचे ट्रेनर सर म्हणायचे, "हात मागे बांधायचे. तोंडाने सांगायचं, बोटाने दाखवायचं, शिवायचं काहीच नाही." बहुतेकांना ते फक्त निर्जंतुकपणासाठी वाटायचं. माहिती कितीही असली तरी जबाबदारी आपली नाही आणि अधिकारही नाही, हा त्यातला मोठा भाग होता.

जे आपण घेतलं नाही

भारतात हे सगळं आलं: सेट आले, पाढे आले, थिएटरमध्ये उभा राहणारा माणूस आला. कायदा मागून आला. ऑक्टोबर २००५ मध्ये स्टेंट, हाडांचे इम्प्लांट, हृदयाच्या झडपा अशा मोजक्या उपकरणांना औषध कायद्याखाली आणलं गेलं. उपकरणांसाठी स्वतंत्र नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, आणि एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली.

नोंदींची सवय मात्र त्या डब्यांबरोबर आली नाही. तिची किंमत एका खुब्याच्या सांध्याने दाखवली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या 'डीप्यू' या कंपनीचा एएसआर सांधा धातूवर धातू घासणारा होता. त्यातून कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटून आजूबाजूच्या पेशी खराब होत. पाच वर्षांत १०० पैकी १२-१३ जणांना पुन्हा ऑपरेशन लागतंय असं दिसल्यावर ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेतला गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने इथे हे प्रकरण लावून धरलं. पुढे केंद्राने समिती नेमली. भारतात सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती. २०१८ मध्ये बातम्या आल्या, की त्यातल्या सुमारे ३,६०० पेशंटांचा पत्ताच लागत नाही.

ही बातमी वाचताना मला आठवलं ते स्टिकर. प्रत्येक चांगल्या इम्प्लांटच्या खोक्यात छोटी स्टिकरं असतात. त्यावर कंपनी, साइझ, लॉट नंबर. केस संपली की एक पेशंटच्या फाइलला, एक हॉस्पिटलच्या रजिस्टरला, एक आपल्या चलनाला. चलनावरचं कुणी विसरत नाही, त्याशिवाय पैसे निघत नाहीत. पेशंटच्या कागदावरचं राहिलं तर कुणाचंही बिल अडत नाही. ते ३,६०० लोक कुठे हरवले, हे कळायला मला समितीचा अहवाल लागला नाही.

या लाइनीत येणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लेपलेल्या स्टेंटची किंमत सरकारने २९,६०० रुपयांवर बांधली, त्याच ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांचीही कमाल किंमत ठरली. २०२४ मध्ये उपकरण कंपन्यांसाठी वेगळी आचारसंहिता आली, डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर बंधनं आली. नुसत्या ओळखीवर आणि मार्जिनवर धंदा करण्याचे दिवस आखडत चालले आहेत. उरते ती मूळची गोष्ट: आपल्या वस्तूची पक्की माहिती.

म्हणून इंटरव्ह्यूत पगार आणि टार्गेट विचाराच, पण ट्रेनिंग किती दिवसांचं, कोण देणार आणि पहिल्या किती केसना सीनियर सोबत असणार, हेही विचारा. उत्तर "शिकशील हळूहळू" असं आलं, तर शिकताना समोर टेबलावर माणूस असणार आहे हे लक्षात घ्या.

आणि तुम्ही पेशंट असाल, किंवा तुमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर आज डिस्चार्ज कार्ड काढून बघा. स्टिकर असेल तर फोटो काढून ठेवा. नसेल तर हॉस्पिटलात जाऊन रेकॉर्डमधून लॉट नंबर लिहून मागा. तो तुमचाच आहे.