शुगर, बीपी आणि हृदय: शंभर वर्षांत डॉक्टर काय शिकले

"डॉक्टर, आता शुगर नॉर्मल आली आहे. मग बीपीची गोळी बंद केली तर चालेल ना?"

हा प्रश्न ओपीडीत नेहमी येतो. विचारणाऱ्याचा तर्क साधा असतो. मधुमेह हा मूळ आजार, बीपी त्याच्या मागून आलेले. मूळ आटोक्यात आले की बाकीचे आपोआप सुधारेल. हा तर्क चुकीचा आहे, पण त्याबद्दल रुग्णाला दोष देता येणार नाही. मधुमेह असलेल्या माणसाच्या हृदयासाठी बीपीचे औषध किती मोलाचे आहे, हे कळायला खुद्द डॉक्टरांनाच अनेक दशके लागली. ती गोष्ट आज सांगतो. ती वाचल्यावर वरच्या प्रश्नाचे उत्तर तुमचे तुम्हालाच मिळेल.

इन्सुलिन आले आणि मृत्यूचे कारण बदलले

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरोंटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तोपर्यंत अशा मुलांसाठी उपासमारीचा आहार सोडला तर दुसरा उपाय नव्हता. मधुमेही रुग्ण बहुधा शुगर बेसुमार वाढून, बेशुद्धीत जाऊन दगावत. इन्सुलिनने हे चित्र पालटले.

पण बॉस्टनमध्ये मधुमेहावर आयुष्यभर काम करणारे डॉ. एलियट जोस्लिन आपल्या रुग्णांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवत होते. त्या नोंदींत एक नवी गोष्ट दिसू लागली. बेशुद्धीने होणारे मृत्यू कमी झाले आणि त्यांची जागा हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी घेतली. माणसे मधुमेहासह जास्त वर्षे जगू लागली, आणि तेवढ्या वर्षांत आजार हृदयापर्यंत पोचू लागला.

बीपी वाढणे गरजेचे वाटत होते, तो काळ

बीपी मोजणे तेव्हा नवीन नव्हते. १८९६ मध्ये इटलीतील रिव्हा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची पद्धत आणली होती आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्यात स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची भर घातली होती. पण मोजून करायचे काय, हे ठरत नव्हते. १९३० च्या दशकात अनेक नामवंत डॉक्टर असे मानत की, रक्तवाहिन्या कडक झाल्यावर मेंदू आणि किडनीला रक्त पुरवण्यासाठी शरीर स्वतःच दाब वाढवते. तो कमी केला तर नुकसान होईल.

याची किंमत मोठ्या माणसांनीही मोजली. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होते. एप्रिल १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशी ते ३००/१९० नोंदले गेले. तीन वर्षांनी अमेरिकेने हृदयविकारावरील संशोधनासाठी कायदा केला. त्याच वर्षी, म्हणजे १९४८ मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करणारा अभ्यास सुरू झाला.

वाढलेले बीपी औषधाने उतरवले तर फायदा होतो, याचा भक्कम पुरावा मात्र १९६७ मध्ये आला. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, खालचे बीपी ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली. औषध नसलेल्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाला, औषध घेणाऱ्यांत फक्त २ जणांना. बीपी "गरजेचे" असते, हा समज इथे मोडला.

दोन आजार एकत्र आले की

फ्रेमिंगहॅममधून दुसरीही महत्त्वाची माहिती बाहेर आली. १९७४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी दाखवले की, मधुमेह असलेल्या पुरुषांत हार्ट फेल्युअरचे प्रमाण दुपटीहून जास्त आणि स्त्रियांत सुमारे पाचपट होते. बीपी, वजन आणि कोलेस्टेरॉल यांचा वाटा बाजूला काढला तरी मधुमेहाचा स्वतःचा वाटा उरत होता. त्याआधी, १९७२ मध्ये, न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी चार मधुमेही रुग्णांचे शवविच्छेदन नोंदवले होते. त्यांचे हृदय निकामी झाले होते, पण हृदयाच्या मुख्य धमन्यांत त्याचे कारण ठरेल असा अडथळा नव्हता. म्हणजे मधुमेह धमन्यांबरोबरच हृदयाच्या स्नायूलाही दुबळे करतो, असा संशय बळावला.

बीपी आणि मधुमेह एकत्र असले तर काय होते, हे १९९३ मध्ये आकड्यांत दिसले. अमेरिकेतील ३,४७,९७८ पुरुषांचा सुमारे १२ वर्षे पाठपुरावा झाला होता. वरचे बीपी कोणत्याही पातळीवर घेतले, तरी मधुमेह असलेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू सुमारे तिप्पट होते. शेजाऱ्याचे बीपी १५० आणि तुमचेही १५०, पण तुम्हाला मधुमेह असेल तर त्या १५० चा अर्थ वेगळा आहे.

असे का होते? वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाचा डावा कप्पा जाड आणि ताठ होतो, व्यायामाने दंड फुगावा तसा. फक्त हे फुगणे चांगले नसते. मधुमेहामुळे रक्तवाहिन्यांचे आतले नाजूक अस्तर बिघडते, त्यात चरबी साचते, स्नायूही ताठर होतो. किडनी मीठ धरून ठेवते, त्यामुळे बीपी आणखी वाढते. शिवाय हृदयाच्या नसा बधिर झाल्या तर हार्ट अटॅक येऊनही छातीत दुखत नाही. फक्त दम लागतो, घाम येतो, थकवा येतो.

१९९८: ब्रिटनचा कौल

मग उपचार कशाचा करायचा, शुगरचा की बीपीचा? याचे उत्तर ऑक्सफर्डचे डॉ. रॉबर्ट टर्नर आणि डॉ. रुरी होलमन यांनी शोधले. १९७७ पासून त्यांनी नव्याने मधुमेह झालेल्या ५,१०२ जणांना अभ्यासात घेतले. त्यांत साधारण दहातला एक जण भारतीय वंशाचा होता.

यातल्या बीपी असलेल्या १,१४८ जणांचे दोन गट केले. एका गटात बीपी १५०/८५ च्या खाली ठेवायचे होते. दुसऱ्या गटात १८०/१०५ पर्यंत चालवून घेतले गेले. यावरूनच त्या काळाची कल्पना येईल. प्रत्यक्षात पहिल्या गटाचे सरासरी बीपी १४४/८२ राहिले आणि दुसऱ्याचे १५४/८७. फरक फक्त वरच्या १० आणि खालच्या ५ चा. पण सुमारे साडेआठ वर्षांत पहिल्या गटात मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी, पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअर ५६ टक्क्यांनी कमी झाले. वापरलेली दोन्ही मुख्य औषधे जवळपास सारखीच ठरली. दाब उतरणे महत्त्वाचे होते. आणि त्यासाठी अनेकांना तीन किंवा जास्त औषधे लागली. म्हणून तीन गोळ्या लिहून दिल्या तर घाबरू नका, आजार हाताबाहेर गेला असा त्याचा अर्थ नसतो.

शुगर काटेकोर ठेवल्याने डोळे आणि किडनी यांचे नुकसान २५ टक्क्यांनी घटले. हार्ट अटॅकवर मात्र तेव्हा ठाम परिणाम सिद्ध झाला नाही.

२००८: गोळी सोडली की काय होते

अभ्यास संपल्यावर सगळे रुग्ण आपापल्या डॉक्टरांकडे परतले. पुढच्या दहा वर्षांत काय झाले, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. शुगरचा फरक वर्षभरात मिटला, पण सुरुवातीला शुगर चांगली ठेवल्याचा फायदा टिकून राहिला, इतकेच नाही तर हार्ट अटॅकही कमी झाले. जणू शरीराने ती चांगली वर्षे लक्षात ठेवली होती.

बीपीचे तसे झाले नाही. दोन वर्षांत दोन्ही गटांचे बीपी सारखे झाले आणि पहिल्या गटाने मिळवलेले संरक्षणही हळूहळू गेले.

बीपीचा फायदा शिल्लक टाकता येत नाही. ज्या दिवसापर्यंत बीपी आटोक्यात, त्या दिवसापर्यंत हृदय सुरक्षित. गोळीमुळे नॉर्मल आलेले बीपी हे गोळी काम करत असल्याचे लक्षण आहे, आजार गेल्याचे नाही.

त्यानंतरची वाट

२००८ मध्येच अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मधुमेहाच्या नव्या औषधांनी हृदयाला धोका नाही हे सिद्ध करण्याची अट घातली. त्यातून अनपेक्षित फळ मिळाले. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाने, आधीच हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या मधुमेहींत हृदयामुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटवल्याचे २०१५ मध्ये दिसले. २०२४ मध्ये चीनमधील १२,८२१ मधुमेहींच्या अभ्यासात वरचे बीपी १२० च्या खाली आणण्याचे ध्येय ठेवलेल्या गटात पक्षाघात, हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर आणि हृदयामुळे होणारे मृत्यू मिळून २१ टक्के कमी आढळले. मात्र हे सगळ्यांसाठी नाही. वय जास्त असेल किंवा उभे राहताना चक्कर येत असेल, तर इतके खाली नेणे धोक्याचे ठरू शकते. बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हे ध्येय धरतात. तुमचे ध्येय डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा.

तुमच्यासाठी

पुढच्या भेटीत फक्त शुगरचा रिपोर्ट आणू नका. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून मोजलेले बीपी वहीत लिहून आणा. एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल आणि लघवीतील प्रथिने यांच्या तपासण्यांविषयी विचारा. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ मोजा, तंबाखू सोडा. आणि छातीत दुखत नसले तरी अचानक दम लागला, घाम फुटला, तर ॲसिडिटी समजून थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

आता सुरुवातीचा प्रश्न. शुगर नॉर्मल आली, अभिनंदन! पण बीपीची गोळी चालू ठेवा. कमी करायची असेल तर तेही होईल, मात्र वहीतले आकडे पाहून आणि तुमच्या डॉक्टरांशी बोलून.