चूल विझते कधी? झाशीच्या स्वयंपाकघरातील जळणाचा इतिहास

झाशी म्हटले की आपल्याला किल्ला आठवतो, १८५४ साली खालसा झालेले नेवाळकरांचे संस्थान आठवते, फार तर वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' आठवतो. या टिपणात आपण किल्ल्यावर जाणार नाही, चुलीपाशी बसणार आहोत. प्रश्न वरवर साधा आहे. लाकडावर स्वयंपाक करणारे घर गॅसवर कधी जाते? आणि ते गेले, असे इतिहासाच्या अभ्यासकाने कशावरून म्हणायचे?

आधी जमीन पाहा. झाशी बुंदेलखंडात आहे. खडकाळ माळ, पातळ माती, पावसाचा भरवसा नाही. पळस, खैर, तेंदू, मोह अशी झाडे विरळ उभी. इथले जळण म्हणजे रानातून वेचलेले सरपण, शेतातील काड्या आणि शेणाच्या गोवऱ्या, ज्यांना तिकडे कंडे म्हणतात. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात लाकूड घेणे हा हक्क राहिला नाही, ती सवलत झाली. तरी सरपण आणणे थांबले नाही. झाशीहून मानिकपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या पूर्वेकडच्या टोकाला कोल समाजाच्या बायका पॅसेंजर गाडीत मोळ्या चढवून शहरात विकायला नेतात. म्हणजे खेड्यात 'फुकट' असलेले लाकूड शहरात पोहोचेपर्यंत विकाऊ झालेले असते. 'फुकट' हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

इथे साधनांविषयी एक सावधगिरी. जुन्या कागदांत 'झाशी जिल्हा' दिसला की थांबा. ललितपूर १८९१ मध्ये झाशीत विलीन झाले आणि १९७४ मध्ये पुन्हा वेगळा जिल्हा झाला. जंगल त्या दक्षिण भागातच जास्त. त्यामुळे १९६० चा आकडा आणि १९९० चा आकडा शेजारी ठेवून "झाशीतील जंगल एवढे घटले" असे लिहिणारा विद्यार्थी सरळ फसतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ही चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

धुराचा विचार गॅसच्या आधीपासून चालला होता. १९४० च्या दशकात वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल तयार झाली: मातीचीच, पण धूर बाहेर नेणारे धुराडे असलेली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला आणि तो २००२ पर्यंत चालला. वाटलेल्या चुलींची संख्या कोटींत होती, पण धुराडे फुटले की दुरुस्त करायला गावात माणूस नसे आणि घर जुन्या चुलीवर परत येई. त्याच काळात झाशीत, १९८८ मध्ये, कृषिवानिकीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. शेताच्या बांधावर झाड लावले तर चारा आणि जळण दोन्ही मिळेल, हा त्यामागचा एक विचार. त्या पिढीच्या धोरणकर्त्यांना लाकूड कसे वाढवावे हा प्रश्न पडला होता, लाकूड कसे सोडवावे हा नव्हे. शेजारच्या ओरछाला १९९६ मध्ये तर लाकडापासूनच वायू काढून वीज करण्याचा प्रयोग झाला. जळणात बेशरमाची झुडपेही होती, जी आपल्याकडे ओढ्याकाठी माजतात तीच.

बाटलीतला गॅस मात्र शहरातून आला. १९५५ मध्ये बर्मा-शेल कंपनीने मुंबईत 'बर्शेन' विकायला सुरुवात केली. १९६५ पासून इंडेन आला. १९७०-८० च्या दशकांत नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणे ही मध्यमवर्गीय घराची ओळखच होती. तुमच्या आजीला विचारा. खेडे त्या रांगेतही नव्हते. २०११ च्या जनगणनेत देशातील ४९ टक्के घरे मुख्यतः लाकडावर आणि सुमारे २८.५ टक्के गॅसवर स्वयंपाक करत होती.

मग १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातीलच बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातील स्त्रीच्या नावे जोडणी, त्यासाठी १६०० रुपयांचे साहाय्य. आठ कोटींवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या औरंगाबादला दिली गेली. १० ऑगस्ट २०२१ रोजी दुसरा टप्पा जाहीर झाला तो महोब्याहून, म्हणजे बुंदेलखंडातून. स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचे घोषणापत्र चालेल, ही सोय त्यात होती. दरवर्षी कामासाठी दिल्लीकडे जाणाऱ्या इथल्या मजुरांसाठी ही बाब छोटी नव्हे.

इथपर्यंतचा इतिहास सरकारी पत्रकातही मिळेल. आता हिशेब करू. जोडणी एकदाच घ्यायची असते, सिलिंडर पुन्हा पुन्हा भरून घ्यावा लागतो. जुलै २०२२ मध्ये दिल्लीत १४.२ किलोचा सिलिंडर १०५३ रुपयांना होता. त्या वर्षी उत्तर प्रदेशात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २१३ रुपये. म्हणजे एक सिलिंडर म्हणजे जवळजवळ पाच दिवसांचे काम. उज्ज्वलाच्या घराला २०० रुपये अनुदान होते, पण ते नंतर बँकेत जमा होणारे. गॅस देणारा माणूस दारात उभा असताना पूर्ण १०५३ मोजावे लागत. शिवाय पहिल्या वर्षांत ज्यांनी शेगडी आणि पहिला सिलिंडर उधारीवर घेतला, त्यांचे अनुदान त्या कर्जातच वळते होई.

परिणाम आकड्यांत दिसतो. महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार डिसेंबर २०१८ अखेर वर्षभराहून जुन्या ३.१८ कोटी उज्ज्वला ग्राहकांनी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर घेतले होते. २०१९-२० मध्ये सरासरी ३.०१, २०२०-२१ मध्ये ४.३९, आणि २०२१-२२ मध्ये पुन्हा ३.६६. मधलाच आकडा का वाढला? त्या वर्षी टाळेबंदीत तीन सिलिंडर मोफत होते, आणि त्यांचे पैसे खात्यात आगाऊ आले होते. अर्थात त्याच वर्षी शहरांतून माणसे घरी परतली होती, खाणारी तोंडे वाढली होती. दोन्ही कारणे एकत्र आहेत, एकालाच श्रेय देऊ नका. तरीही माझे मत असे की आगाऊ आलेला पैसा आणि नंतर येणारा पैसा यांतला फरक धोरण आखणाऱ्यांनी कमी लेखला.

मग उरलेले महिने स्वयंपाक कशावर? अर्थातच चुलीवर. पूर्वी अभ्यासक 'इंधनाची शिडी' मानत: उत्पन्न वाढले की घर लाकडावरून रॉकेलवर, तिथून गॅसवर चढते आणि खालची पायरी सोडते. २००० साली ओमार मासेरा आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोतील खेड्यांवरून दाखवले की घरे पायरी सोडत नाहीत, नवे इंधन जुन्यावर रचतात. बुंदेलखंडात हेच घडते. चहा, पाहुण्यांची भाजी, घाईची पोळी गॅसवर. जनावरांचे आंबोण आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. गकरिया तर कंड्यांच्या निखाऱ्यातच भाजायच्या. आणि जानेवारीतल्या थंडीत चूल ही शेकोटीही असते. गॅसची शेगडी अन्न शिजवते, घर उबदार करत नाही.

आता 'फुकट' या शब्दाकडे. लाकूड फुकट आहे, असे घरातला हिशेब सांगतो, कारण ते आणणाऱ्या बाईचे तास त्यात धरलेले नसतात. १०५३ रुपये नवऱ्याच्या खिशातून दिसतात. मोळीसाठी गेलेली सकाळ, धुराने आलेला खोकला, मुलांचा न्यूमोनिया कोणाच्याच खिशातून दिसत नाही. जोडणी तिच्या नावावर असली तरी नंबर लावायचा की नाही हे बहुतेकदा ती एकटी ठरवत नाही.

म्हणून जनगणनेच्या तक्त्याकडे परत जा. तिथे प्रश्न 'मुख्य' इंधनाचा आहे आणि उत्तर एकच नोंदवले जाते. आठ महिने चूल पेटवणारी बाई प्रगणकाला कोपऱ्यातला सिलिंडर दाखवून "गॅस" म्हणाली, तर त्या घरातली चूल कागदावरून नाहीशी होते. जोडण्यांचा आकडा घर गॅसपर्यंत पोहोचले एवढेच सांगतो, चूल विझली की नाही ते सांगत नाही.

सरावासाठी: तुमच्या घरातील किंवा शेजारच्या सर्वांत वयस्क बाईला तीन गोष्टी विचारा. पहिला गॅस कोणत्या साली आला, त्यानंतर चूल, शेगडी किंवा स्टोव्ह किती वर्षे चालू राहिला, आणि शेवटी कोणता पदार्थ चुलीवरून उतरला. उत्तरे तिच्याच शब्दांत लिहून काढा, आणि साल आठवत नसेल तर ते कोणाच्या लग्नाच्या किंवा बाळंतपणाच्या आधी की नंतर, एवढे विचारून घ्या.