अमोनियाची गळती लेझरला कशी कळते?

भूम तालुक्यातलं ईट आणि आजूबाजूचा भाग दुधाचा आणि खव्याचा. गावातल्या लहान दूध-कूलरमध्ये सहसा फ्रिऑन प्रकारचा वायू असतो. पण दूध मोठ्या डेअरीत गेलं की तिथल्या शीतकरण यंत्रणेत बहुतेकदा अमोनिया असतो. थंड करायला उत्तम, पण विषारी.

वास येतोच की, मग यंत्र कशाला?
अमोनियाचा वास उग्र असतो, पण रोज तिथेच काम करणाऱ्याच्या नाकाला त्याची सवय होते. शिवाय वायू किती आहे, हे नाक सांगत नाही. अमेरिकेतल्या 'नायोश' या कामगार सुरक्षा संस्थेनुसार हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग (३०० पीपीएम) अमोनिया असेल तर थेट जिवाला धोका असतो.

लेझर काय करतो?
प्रत्येक वायू प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांबी शोषतो. अमोनियाची अशी एक तरंगलांबी १,५१२ नॅनोमीटरच्या आसपास आहे. हा इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. यंत्रातला डायोड लेझर आपली तरंगलांबी या आकड्याच्या किंचित मागे-पुढे सतत बदलत राहतो. धुळीमुळे प्रकाश सगळीकडे सारखाच मंदावतो. अमोनिया असेल तर नेमक्या त्याच ठिकाणी खड्डा पडतो. खड्डा जितका खोल, तितका वायू जास्त. यालाच बीअर-लँबर्ट नियम म्हणतात.

फायदा काय?
साध्या सेन्सरला वायू त्याच्यापर्यंत पोहोचावा लागतो. लेझरचा झोत मात्र अनेक मीटरच्या पट्ट्यावर एकाच वेळी नजर ठेवतो.

मर्यादा कोणत्या?
असा झोत वाटेतल्या एकूण वायूची बेरीज सांगतो. एक मीटरभर १०० पीपीएम आणि १०० मीटरभर १ पीपीएम, दोन्हींचं रीडिंग सारखंच येतं. दाट धुक्यात झोत अडतो. सहसा एक लेझर एकच वायू ओळखतो. नायट्रोजन, हायड्रोजन आणि क्लोरीन इन्फ्रारेड प्रकाश जवळपास शोषतच नाहीत, त्यामुळे ते या पद्धतीने सापडत नाहीत. नायट्रोजनची गळती झाली की हवेतला ऑक्सिजन घटतो. तो ७६० नॅनोमीटरच्या लेझरने मोजता येतो.

अलार्म वाजला तर?
गळती शोधायला आत जाऊ नका. वाऱ्याच्या आडव्या दिशेने लांब जा आणि नाका-तोंडावर ओलं फडकं धरा, कारण अमोनिया पाण्यात सहज विरघळतो. आत कोणी अडकलं असेल तर श्वसन उपकरण असलेल्या पथकालाच जाऊ द्या.